कारणाचा रकाना

दूध उतू गेलं आणि आबांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

गॅस बंद करायला आई धावली, फडकं आणायला मी धावले. आबा जागचे हलले नाहीत. कानावरचं पेन काढून त्यांनी मांडीवरची लांबडी वही उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्यांदा म्हणाले, "सहा दहाचं लीगल ॲप्टिट्यूड. अकरा मिनिटं उशीर. कारण, यंत्र."

"दूध यंत्र आहे का आबा?"

"गॅस यंत्र आहे. दूध त्याच्यावर होतं."

आबा म्हणजे दत्तोबा घाडगे. एस.टी.त बत्तीस वर्षं, त्यातली शेवटची एकोणीस आमच्या कळसवाडीच्या स्टँडावर वाहतूक नियंत्रक. काचेच्या खिडकीमागे बसून गाड्यांच्या वेळा लिहिणारा आणि माइकवरून त्या गावाला ऐकवणारा माणूस. रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती, पण त्यांना नियंत्रण करायला काही मिळालं नव्हतं. मग मी सापडले.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची. नवऱ्याचं घर सोडून माहेरी येऊन चार वर्षं झालेली. ते का सोडलं हे सांगायला मला दर वेळी अवघड जायचं. नवरा, रमाकांत, मारत नव्हता, पीत नव्हता. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून तो माझ्याशी बोलत नव्हता, एवढंच. भांडण नाही, तंटा नाही. मी समोर उभी राहून वाढत असताना म्हणायचा, "आई, हिला सांग, मीठ कमी आहे." सासूबाई म्हणायच्या, "जयमाला, मीठ कमी आहे." मी मीठ वाढायचे. तो म्हणायचा, "आई, हिला सांग, आता बरंय." अडीच वर्षं ऐकलं आणि एक दिवस मी म्हणाले, "सासूबाई, ह्यांना सांगा, मी माहेरी चाललेय."

वकिलाला ह्यात छळ कुठे ते सापडेना. मग दोन्हीकडची मोठी माणसं बैठकीला बसली. पाच जण, पाचही मिशीवाले. त्यांचं म्हणणं, "बोलत नाही म्हणजे शांत स्वभाव आहे. बायका असा नवरा मिळावा म्हणून सोमवार धरतात." मी म्हणाले, मला कायदा शिकायचाय. पदवी आहे, तीन वर्षांचा कोर्स आहे, प्रवेश परीक्षा मे महिन्यात आहे. ॲडमिशन मिळाली तर मी जिल्ह्याच्या गावी हॉस्टेलला राहीन, नाही मिळाली तर गुपचूप बोरखडीला सासरी नांदायला जाईन. पाचही मिशा हसल्या आणि लगेच हो म्हणाल्या. एवढ्या पटकन हो म्हणाल्या की मला भीतीच वाटली. "पण एकदाच," त्यातले थोरले म्हणाले. "दरवर्षी परीक्षा नाही चालायची."

आबांनी सगळ्या बैठकीत एकच प्रश्न विचारला. "परीक्षा किती वाजता असते?"

क्लास लावणं जमण्यासारखं नव्हतं, तो सत्तर किलोमीटरवर. फोनवर एक बाई सांगायच्या, घरच्या घरी, आपल्या वेगानं, आपल्या सोयीनं अभ्यास करा. मी ते आबांना ऐकवलं.

"सोयीनं वडाप सुटतं," आबा म्हणाले. "गाडी वेळेवर सुटते."

वडाप म्हणजे आमच्याकडच्या खाजगी जीपगाड्या. माणसं कोंबायची, भरली की निघायचं, आणि स्टँडावरचे प्रवासी हाका मारून पळवायचे. आबांनी आयुष्यात दुसरा शत्रू केला नाही. स्टँडापासून दोनशे मीटरच्या आत वडाप उभं करायचं नाही असा नियम आहे म्हणून त्यांनी स्वतः टेपनं मोजून रस्त्यावर चुन्याची रेघ मारली होती. जीपचं चाक रेघेच्या आत आलं की आबा त्यातली हवा सोडायचे. दर दिवाळीला रेघ नव्यानं मारायचे. रिटायर झाल्यावरसुद्धा.

तर माझं वेळापत्रक त्यांनी केलं. आख्ख्या कार्डशीटवर, तेलरंगात. रोज चार फेऱ्या. सहा दहा लीगल ॲप्टिट्यूड, अकरा वाजता जनरल नॉलेज, तीन वीसची रीझनिंग, सात पाचची इंग्रजी. रविवारी जादा गाडी, म्हणजे सराव परीक्षा. आणि प्रत्येक फेरीची वहीत नोंद. ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, उशीर, कारण. कारणंसुद्धा ठरलेली. चालक म्हणजे मी. यंत्र म्हणजे गॅस, मिक्सर, लाईट. रस्ता म्हणजे आई, कारण ती मधे यायची. प्रवासी म्हणजे पाहुणे.

"आणि वाहतूक नियंत्रक?" मी एकदा विचारलं. "त्याच्यामुळं नाही का होत कधी उशीर?"

आबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तो कारण नसतो. तो कारण लिहितो."

खरा घोळ पुढच्या नियमात होता. अर्ध्या तासाच्या वर उशीर झाला की फेरी रद्द. पुढच्या फेरीत ती घुसवायची नाही, तिची स्वतःची वेळ असते. सकाळी चुलत्यांचे व्याही आले आणि पोह्यांत चाळीस मिनिटं गेली की लीगल ॲप्टिट्यूड रद्द. मी पुस्तक घेऊन बसले तर आबा ते हातातून काढून घ्यायचे. "सुटली ती. आता अकराची बघ." जानेवारीत एकशे चोवीस फेऱ्या ठरल्या होत्या. धावल्या एकोणतीस. आबा महिन्याचा गोषवारा काढून आईला वाचून दाखवायचे आणि आई म्हणायची, "पोरीला वाचू द्या की जरा." ती नोंद रस्ता ह्या सदरात जायची.

मी काय करायचे, फेरी रद्द झाली की धुणं वाळत घालायला म्हणून गच्चीत जायचे आणि पाण्याच्या टाकीमागे बसून वाचायचे. तत्त्व, प्रसंग, निष्कर्ष. दुसऱ्याचा कुत्रा तिसऱ्याला चावला तर जबाबदार कोण. ह्याला काही वेळ नव्हती, नोंद नव्हती, मन भरलं की निघायचं. वडापच म्हणा. एप्रिलच्या शेवटच्या सराव परीक्षेत मला दीडशेपैकी एकशे आठ पडले. आबांनी पेपर दोनदा तपासला. मग वहीतल्या धावलेल्या फेऱ्या मोजल्या आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. त्यांना वाटलं, वेळापत्रकाचाच गुण. मी तसंच वाटू दिलं.

एकशे आठ म्हणजे ॲडमिशन नक्की होती.

परीक्षेच्या दिवशी गेट एक वाजता बंद होणार होतं. मी म्हणाले, आठची गाडी धरू. आबा म्हणाले, "आठची साधी आहे, सतरा थांबे. नऊ चाळीस जलद. अकरा चाळीसला पोचते. एक तास वीस मिनिटं हातात." आईनं मला ओवाळलं, हातावर दही दिलं आणि हट्टानं मोरपंखी साडी नेसवली. "चांगल्या कामाला चाललीस, चांगली दिस."

स्टँडावर खिडकीत आता नितीन खरात बसायचा. आबांच्याच हाताखाली तयार झालेला. नऊ पन्नासला त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली.

"आबा, नऊ चाळीस शेरी पुलाजवळ पंक्चर आहे."

"स्टेपनी?"

"तीच लावली होती. तीच पंक्चर आहे."

आबा घड्याळ बघत राहिले. दहा वाजून अकरा मिनिटांनी नितीननं पुन्हा मान काढली. "आबा, ड्रायव्हरचा फोन होता. निघाला तिथून, पाच मिनिटांत येतोय. काय करू? धरून ठेवू का तशीच?"

"किती झाले?"

"एकतीस मिनिटं."

"मग मला काय विचारतोस," आबा म्हणाले. "मी तुला काय शिकवलंय?"

नितीननं माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे, आणि माइक ओढला. नऊ चाळीसची जलद गाडी रद्द करण्यात आली आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी. दहा सोळाला ती गाडी आमच्या डोळ्यांदेखत स्टँडात शिरली, माणसं उतरवून रिकामी झाली आणि वर्कशॉपकडे निघून गेली.

"पुढची अकरा वीस," आबा म्हणाले.

"ती एक वीसला पोचते आबा. गेट एकला बंद होतं."

हे गणित आबांना येत नव्हतं असं नाही. ते ओठ हलवत पुन्हा पुन्हा करत होते आणि दर वेळी उत्तर तेच येत होतं. मी पिशवी उचलली आणि चालायला लागले. चुन्याच्या रेघेच्या पलीकडे सर्जेराव काळेलची जीप उभी होती.

"या ताई," सर्जेराव म्हणाला. "तुम्ही बसलात की एकच सीट राहिली बघा. ती भरली की निघालो."

मागं दहा जण बसले होते. एका मावशीच्या मांडीवर कोंबडी होती. मी तिच्याशेजारी शिरले. रिकामी सीट पुढं ड्रायव्हरशेजारी होती आणि आबा रेघेच्या अलीकडे छत्री टेकवून उभे होते.

"मी दोन सीटचे देते," मी म्हणाले. "निघा."

"पैशाचं नाय ताई." सर्जेराव आरामात बीडी शोधायला लागला. "ती सीट आबांची हाय. एकोणीस वर्षं माझ्या चाकातली हवा सोडली त्यांनी. आज बसू द्या की. मी कुठं नाय म्हणतोय."

"बसा की वो आबा," मावशी ओरडली. "कोंबडी गुदमरतीय."

आबा म्हणाले, "जयू, उतर. गाडी अवैध आहे. अवैध गाडीतून कायद्याच्या परीक्षेला जाणार तू?"

सगळी जीप माझ्याकडे बघायला लागली. उत्तर मला येत होतं, पण ते चार पर्यायांमध्ये नव्हतं. मी बसून राहिले. आबा उभे राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली, वीस गेली. स्टँडाकडून एक माणूस येताना दिसला की आम्ही सगळे आशेनं बघायचो आणि तो पानपट्टीकडे वळायचा. माझ्या डोळ्यांसमोर बोरखडीचं स्वयंपाकघर यायला लागलं.

शेवटी मी जीपमधून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाले, "आबा, मी दहा बावीसला बसलेय. आता एकोणतीस मिनिटं झाली. अजून दोन मिनिटं गेली की माझी फेरी रद्द."

आबांनी घड्याळ पाहिलं. मग छत्री काखेत मारली आणि ओल्या मोरीत पाय टाकावा तसा पाय टाकत त्यांनी ती रेघ ओलांडली. सर्जेरावनं स्वतः उतरून त्यांच्यासाठी दार उघडलं. बीडी पेटवायचीसुद्धा विसरला तो.

जीप चांगली पळत होती. साडेबाराच्या आत पोचलो असतो. मला हसू यायला लागलं होतं, मावशीनं कोंबडी माझ्या हातात दिली होती, आणि तेवढ्यात सर्जेराव म्हणाला, "फुडं नाका लागलाय. सगळ्यांनी नीट ऐका. आपण पाहुणे. साखरपुड्याला चाललोय."

"कुणाच्या?" मागून कुणीतरी विचारलं.

सगळ्यांनी माझ्या मोरपंखी साडीकडे पाहिलं.

हवालदारानं खिडकीतून आत डोकं घातलं. "किती जण?"

"घरचीच हायत साहेब," सर्जेराव म्हणाला. "साखरपुडा हाय."

"नवरी कोण?"

दहा बोटं माझ्याकडे वळली. "आमची भाची," मावशी म्हणाली. "लाजतीय जरा." मी डोक्यावरून पदर घेतला आणि कोंबडी पोटाशी धरून खाली बघितलं. खऱ्या साखरपुड्यात मी एवढी लाजले नव्हते.

"तुम्ही मुलीचे वडील?" हवालदारानं आबांना विचारलं. तो सोडायच्याच बेतात होता, एक हात बॅरिकेडवर होता. झाडाखाली त्याचा साहेब खुर्ची टाकून बसला होता.

"हो," आबा म्हणाले.

"मुलगा काय करतो?"

मला आबांची मान फक्त मागून दिसत होती. ती ताठ होत गेली. मी मनात म्हणाले, आबा, काहीही म्हणा. मास्तर आहे म्हणा. साधं हूं म्हणा.

"साखरपुडा नाही," आबा म्हणाले, आणि ते माइकवरच्या आवाजात म्हणाले. झाडाखालच्या साहेबानं मान वर केली. "हिचं लग्न झालेलं आहे. ही गाडी वडाप आहे. ड्रायव्हर धरून तेरा माणसं आहेत, परवाना नाही. मी एस.टी.चा निवृत्त वाहतूक नियंत्रक आहे."

जीपमध्ये कोंबडी तेवढी बोलली.

हवालदार हळूच म्हणाला, "आबा, मी सोडत होतो की."

"मुलीला कायद्याच्या परीक्षेला नेतोय. खोटं सांगून नेऊ?"

"परीक्षा आहे?" हवालदारानं कपाळाला हात लावला. "अहो मग तर तोंड उघडायचंच नव्हतं तुम्ही."

आता साहेबानं ऐकलं होतं. जीप कडेला घेतली गेली. मावशीनं कोंबडी परत घेतली आणि आबांकडे पाठ करून बसली. सर्जेराव आबांवर ओरडला नाही. तो नुसता म्हणाला, "आबा, हवाच सोडली असती तर बरं झालं असतं."

आम्ही दोघं रस्त्याला उभे राहून हात करत होतो. एक चाऱ्याचा टेम्पो गेला, दोन मोटारी गेल्या. बारा अडतीसला गाडी आली. अकरा वीसची एस.टी. अगदी वेळेवर होती. आम्हांला दोघांनाही बसायला जागा मिळाली.

एक पंचवीसला गेटवर पोचलो. वॉचमन डबा खात होता.

"बंद झालं ताई."

"पंचवीस मिनिटंच झालीत," आबा पुढे होऊन म्हणाले. हातात माझं हॉल तिकीट होतं, ते त्यांनी गजातून आत धरलं. "अर्ध्या तासाच्या आत फेरी रद्द होत नाही."

"हितं एका मिनटाला होते बाबा," वॉचमन म्हणाला आणि त्यानं डब्याचं झाकण लावलं.

आबा फुटपाथवर बसले. पिशवीतून वही काढली, पेन काढलं आणि हाताचा आडोसा करून काहीतरी लिहिलं. मोठ्यांदा वाचलं नाही.

पुढच्या वर्षी ती परीक्षा पुन्हा होती, हे मला माहीत होतं. पण मिशांनी एकच तारीख दिली होती. जूनमध्ये आबा मला बोरखडीला सोडायला आले. ओसरीवर रमाकांत बसला होता. तो म्हणाला, "आई, हिला सांग, सामान आत ठेव."

ह्याला आता आठ वर्षं होतील. सासूबाई दोन वर्षांमागं गेल्या. माझी समजूत होती, आता तरी ह्याला माझ्याशी बोलावं लागेल. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं फ्रिज उघडला आणि आत बघून म्हणाला, "हिला सांग, दही संपलंय." तेव्हापासून तो फ्रिजलाच सांगतो. फ्रिज काही मला सांगत नाही, पण ऐकू येतं.

आबा गेल्या पौषात गेले. आईनं त्यांच्या वस्तू वाटल्या तेव्हा ती लांबडी वही वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याकडे पाठवली. काल दुपारी मी ती घेऊन स्वयंपाकघरात बसले. दुधाची नोंद होती, व्याह्यांची होती, आईच्या तर पानंच्या पानं होती. शेवटचं भरलेलं पान मेमधलं. अक्षर नेहमीसारखंच, सरळ, ठसठशीत.

परीक्षा, जादा गाडी. ठरलेली वेळ नऊ चाळीस. प्रत्यक्ष वेळेच्या रकान्यात रेघ. रद्द. कारण: वाहतूक नियंत्रक.

त्याच्याखाली काही नव्हतं. पुढची सगळी वही कोरी.

मी ती ओळ किती वेळ वाचत बसले कुणास ठाऊक. पाठीमागं फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. "हिला सांग," रमाकांत आत बघून म्हणाला, "चहाची वेळ टळून गेली."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. डब्यामागून पेन काढलं आणि आबांच्या ओळीखाली लिहिलं. चार वाजताचा चहा. बावीस मिनिटं उशीर. कारण: वाचन.